पट्टीमावशींची पिवळी फीत

"राहू दे" हे दोन शब्द ऐकले की पट्टीमावशींच्या डोक्यात तिडीक जायची. आणि अलीकडे घरात त्यांच्या कानांवर दुसरं काही पडतच नव्हतं. बादली उचलायला वाकल्या, "राहू दे, आई." माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर पाय ठेवला, "राहू दे, आई." कोपऱ्यावरून पाव आणते म्हणाल्या, "राहू दे ना, आई, मी येताना आणतो." असं म्हणणारा त्यांचा मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर सोय होती, कडाकडा भांडता आलं असतं. तो प्रेमाने म्हणायचा, आणि प्रेमाने म्हटलेल्यावर भांडायचं कसं, हे मावशींना कुणी शिकवलं नव्हतं.

निमित्त गुडघ्याचं. जिन्यात पाण्यावरून पाय सटकला आणि उजव्या गुडघ्याची वाटी सरकली. प्लास्टर झालं, मग व्यायाम झाले. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी मावशींच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "जपून, पण आता चालायचं. भरपूर चालायचं." मुलगा शेजारीच उभा होता. त्याने "जपून" ऐकलं आणि तिथेच कान मिटले. त्याचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा. दिवसभर लोकांना वरखाली पोचवायच्या खटपटीत असल्यामुळे जिना ही त्याला मुळातच मागासलेली गोष्ट वाटायची. आईने जिन्याकडे नुसतं पाहिलं तरी तो लिफ्टचं बटण दाबायचा.

आता हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. मावशींनी उभा जन्म एका कॅलेंडरच्या छापखान्यात काढला. कॅलेंडरच्या डोक्याला पत्र्याची पट्टी असते, मधोमध खिळ्याला अडकवायची कडी असलेली, ती बसवायचं काम त्यांचं. यंत्राच्या पलीकडची बाई पानांचा गठ्ठा ठोकून सरळ करायची आणि डोक्याकडून पट्टीत सरकवायची. अलीकडे मावशी. उजव्या पायाने पॅडल दाबायचं, पट्टी कचकन बसली की तयार कॅलेंडर आपल्याकडे ओढून घ्यायचं. पलीकडे कितीजणी आल्या, लग्न करून गेल्या, कंटाळून गेल्या. अलीकडे मावशीच. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना पट्टीमावशी म्हणायला लागले, पुढे गल्लीही म्हणायला लागली. खरं नाव रेशनिंगपुरतं आणि दवाखान्यापुरतं उरलं.

या कामात एक गंमत होती. कॅलेंडर डोक्याकडून यायचं, त्यामुळे त्यावरचं चित्र मावशींना कायम उलटं दिसायचं. फुलांचे ताटवे छताला टांगलेले, मांजरांची पिल्लं पाय वर करून. घरीही भिंतीवर तेच कॅलेंडर असायचं, पण घरी चित्राकडे बघायला कुणाला सवड? घरी बघायची तारीख. चित्रं बघायची ती छापखान्यात, आणि ती उलटी. त्यातलं एक चित्र मालकाचं फार लाडकं. एक वर्ष सोडून दुसऱ्या वर्षी तो ते काढायचाच. डोंगरातलं तळं, मागे बर्फाचे पट्टे असलेला सुळका, आणि त्या सुळक्याला बाजूला एक मोडका दात. खाली बारीक अक्षरात तळ्याचं नाव, तेही मावशी उलटंच वाचायच्या आणि अडखळत नसत.

हातातल्या कामाकडे बघता बघता त्या तळ्याशी त्यांची अशी काही सलगी झाली की विचारू नका. सासू गेली त्या आठवड्यात यंत्रावर तळंच होतं. मुलगा परीक्षेत नापास झाला तेव्हाही तळंच. नवरा गेल्यावर कामावर परतल्या, पॅडल दाबलं आणि पहिलं कॅलेंडर ओढलं, तर हातात आलं तळं. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं होतं, एकदा तिथे जायचं. काठावर उभं राहायचं. आपल्या पायाने जायचं आणि आपल्या डोळ्याने बघायचं. यात कुणाला काही समजावून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

मग माणसं तारखा फोनमध्ये बघायला लागली आणि छापखान्याला कुलूप लागलं. पुढे गुडघा झाला. आणि एका सकाळी पेपरात जाहिरात आली, 'डोंगरातील राष्ट्रीय उद्यानांची सहल. आरामशीर बस, अनुभवी गाइड.' वर चित्र होतं. मावशींनी पेपर उलटा केला आणि ओरडल्या, "हेच!"

सून गॅसपाशी होती. सासूबाई उलटा पेपर वाचताहेत हे पाहून तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

संध्याकाळी मुलगा आला. मावशींनी जाहिरात त्याच्या पुढ्यात ठेवली.

"मी जाणार आहे."

"आई, अगं, तिथे चढ असतो."

"डोंगर आहे तो. चढ असणारच. सपाट असता तर मैदान म्हणाले असते."

"राहू दे ना. मी तुला मोठ्या टीव्हीवर सगळं दाखवतो. पक्षी बिक्षी, आवाजासकट."

मावशी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि पुढचे काही दिवस घरात हू की चू केलं नाही. बोलणारी बाई गप्प झाली की घर कसं खायला उठतं, ते त्या घराने पाहिलं. शेवटी मुलानेच फोन करून बुकिंग केलं. सुनेने जाड तळव्याचे बूट आणून पलंगाखाली ठेवले. मावशींना वाटलं, जिंकलो. फोनवर मुलाने आणखी काय सांगून ठेवलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते कळलं बसपाशीच. बस ऐसपैस, काचा अशा स्वच्छ की मावशींनी एकदा बोट लावून पाहिलं. दाराशी गाइड उभा. गळ्यात शिट्टी, हातात माइक, आणि तोंडात शंभर वेळा सांगून गुळगुळीत झालेले विनोद. तो प्रत्येकाच्या मनगटाला फीत बांधत होता. पुढच्या जोडप्याला हिरवी बांधली. मावशींचा हात धरला आणि पिवळी बांधली.

"ही पिवळी का?"

"हिरवी म्हणजे चालगट, आजी. पिवळी म्हणजे आरामगट. तुम्ही एकदम आरामात!"

"आजी नाही, मावशी म्हणा. आणि मला आराम नकोय, आराम घरी चिकार आहे."

गाइड हसला. माइकवर हसायची सवय झालेल्यांचं हसू असतं तसं. "तुमच्या चिरंजीवांनी फोनवर स्पष्ट सांगितलंय, मावशी. आईला कुठेही चढवू नका. काळजी करतात हो बिचारे."

मागे रांग लागली होती. मावशी आत चढल्या. शेजारच्या सीटवर एक ऐसपैस बाई नारिंगी लोकर घेऊन विणत बसल्या होत्या. त्यांच्याही मनगटाला पिवळी फीत होती, आणि ती त्यांनी हौसेने फुलासारखी गाठ मारून बांधून घेतली होती.

पहिल्या उद्यानात धबधबा होता. शिट्टी वाजली, हिरवे खाली उतरून रानात दिसेनासे झाले. पिवळ्यांना बस थांबते तिथल्या चहाच्या हॉटेलात बसवलं. टेबलांवर प्लास्टिकची फुलं होती आणि भिंतीवरच्या टीव्हीवर धबधब्याची फिल्म लावली होती. खरा धबधबा झाडांच्या मागे, त्याचा आवाज खिडकीतून येतोय, आणि टीव्हीतला धबधबा त्याच्यावर संगीत लावून पडतोय. मावशींनी तो प्रकार जरा वेळ पाहिला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. यासाठी एवढं अंतर तोडून आलो? टीव्ही तर घरी होताच, तोही मोठा!

त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला.

"तू सांगितलंस मला चढवू नका म्हणून?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच ना. परत तोच गुडघा गेला म्हणजे?"

"गेला तर माझा जाईल. गुडघा माझा आहे. तू तुझ्या लिफ्टचा विचार कर."

"अगं, पण तिकडे डोंगरात तुला कोण उचलणार?"

"मला उचला म्हणून मी कुणाला कधी म्हटलंय?" आणि फोन बंद. विणणाऱ्या बाईंनी सुया थांबवल्या आणि एक बिस्किट पुढे केलं. मावशींनी ते रागारागाने खाल्लं.

दुसऱ्या उद्यानात त्यांनी गाइडला गाठलं. हिरवी फीत द्या म्हणाल्या. त्याने खांदे पाडले. "मावशी, ज्यांनी बुकिंग केलं त्यांनी सांगायला हवं. कंपनीचा नियम आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर माझी नोकरी जाईल." मावशींनी मुलाला पुन्हा फोन लावला, तर तो म्हणाला, "राहू दे ना, आई." मग त्यांनी गाइडचा नाद सोडला आणि चहाच्या हॉटेलातल्या खुर्चीत जाऊन बसल्या. दुसरं उद्यान त्यांनी काचेतून पाहिलं. एक हरीण बसपाशी येऊन टायर हुंगून गेलं, तेवढंच पदरात पडलं.

पण खुर्चीत बसलेल्या माणसाला एक फायदा असतो. त्याला बघायला वेळ मिळतो. मावशींनी पाहिलं, की हिरवे परत आले की गाइड दाराशी उभा राहून प्रत्येकाच्या डोक्याकडे बोट करून मोजतो. शेवटचा हिरवा चढला की शिट्टी, आणि ड्रायव्हर बस सोडतो. पिवळ्यांकडे तो बघतही नाही. पिवळे सकाळी बसमध्ये बसलेत ना, मग ते असणारच. सामानासारखे. बसच्या पोटातल्या बॅगा कुणी दर ठिकाणी मोजतं का? मावशींना हे कळलं आणि बरं वाटायच्या ऐवजी कुठेतरी फार लागलं.

मग आला तळ्याचा दिवस.

बस थांबली तिथे पाटी होती. तळ्याकडे जायची वाट जंगलातून पायऱ्यांनी वर, आणि उतरायची वाट पलीकडच्या अंगाने, एकेरी. हिरवे गेले. पिवळ्यांसाठी चहा सांगून झाला. टीव्हीवर तळं लागलं. मावशींनी त्या टीव्हीकडे पाठ केली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि विणणाऱ्या बाईंच्या कानाशी वाकल्या.

"मी वर जातेय. कुणाला सांगू नका."

बाईंचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी सुई छातीशी धरली. "माझ्या पोटात राहील. जा तुम्ही."

मावशी मागच्या दाराने निघाल्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवर टोपी ठेवून डुलक्या घेत होता. जंगलात शिरल्या तशी अंगावर गार हवा आली आणि त्यांच्या मनात आलं, आपण पळून चाललोय. या वयात! त्या एकट्याच हसल्या.

पायऱ्या दगडी, एका बाजूला लाकडी कठडा. सुरुवातीला पाय मजेत चालले. मग गुडघ्याने तोंड उघडलं. मावशी कठड्याला टेकल्या, दम घेतला, पुन्हा निघाल्या. पुन्हा टेकल्या. घाम कानामागून गळ्यात उतरला. मनात मुलाचा आवाज सुरू झाला, तो त्यांनी "गप रे" म्हणून बंद केला. एका वळणावर एक माणूस कठड्याला रंग लावत होता. त्याने मान वर केली आणि प्रेमाने म्हणाला, "आजी, राहू द्या. खरा चढ तर पुढेच आहे."

झालं! मावशींच्या पायात वारं भरलं.

"पुढे आहे ना? मग पुढेच जाते. मागे असता तर मागे गेले असते."

खरा चढ खरंच पुढे होता. तो मावशी कशा चढल्या, ते त्यांच्या गुडघ्यालाच विचारावं. मध्ये एकदा त्या पायरीवर बसल्या आणि खरोखर रडकुंडीला आल्या. परत फिरलं तर कुणाला कळणारही नाही, असं मन म्हणालं. आणि तेच नको होतं त्यांना. गेलो हेही कुणाला कळलं नाही आणि परत फिरलो हेही नाही, असं जिणं त्यांना आता पुरे झालं होतं. त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. हाच तो उजवा पाय. याच पायाने एवढी वर्षं पॅडल मारलं, घर चालवलं, पोरगं शिकवलं. आणि आज याच्यावर कुणाचा म्हणून विश्वास नाही? "ऊठ," त्या पायाला म्हणाल्या. पाय उठला.

झाडं संपली आणि तळं आलं.

हिरवे कधीच खाली उतरून गेले होते. काठावर चिटपाखरू नव्हतं. मावशी पाण्याशी गेल्या, समोर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. सुळका होता, बर्फाचे पट्टे होते, पाणी होतं. पण हे ते नव्हतं. मोडका दात भलत्याच बाजूला होता. मावशींच्या तळ्यात तो उजवीकडे, इथे डावीकडे. आपण चुकीच्या तळ्यावर आलो? जिवाचा एवढा आटापिटा करून?

मग त्यांच्या ध्यानात आलं. पेपर उलटा धरता येतो, डोंगर कसा धरणार?

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग तळ्याकडे पाठ केली, पाय फाकवले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाकून आपल्याच पायांमधून मागे पाहिलं.

तळं होतं. त्यांचं तळं. पाणी वर, डोंगर खाली, आणि मोडका दात बरोबर उजवीकडे. सासूच्या आठवड्यातलं, नापासाच्या निकालातलं, नवऱ्याच्या नंतरच्या पहिल्या दिवसातलं तेच तळं, आणि आता त्यावर खरा वारा होता. मावशींचं सगळं रक्त डोक्यात उतरलं, डोळ्यांतलं पाणी भुवयांकडे वाहायला लागलं, आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "आले बरं का मी!"

रंगवाला डबा घेऊन वर आला होता. तो जागीच थबकला. "आजी, बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम वाटतंय," मावशी पायांमधूनच म्हणाल्या. "तुम्ही तेवढे उलटे दिसताय."

त्यांनी मग सरळ उभं राहूनही तळं पाहिलं, बराच वेळ, घाई न करता. सरळ तळंही चांगलं होतं. त्याची ओळख व्हायला जरा वेळ लागला एवढंच. पाण्यात हात बुडवला, ओल्या हाताने तोंड पुसलं आणि उतरायच्या वाटेला लागल्या. उतारावर गुडघ्याने पुरता वचपा काढला, पण आता तो बोलला तरी त्याचं ऐकणार कोण?

खाली आल्या तर बस नव्हती.

बस उभी होती तिथे तेलाचा एक डाग आणि विणणाऱ्या बाईंच्या नारिंगी लोकरीचा एक तुकडा. हॉटेलवाला टीव्ही बंद करून टेबलं पुसत होता. खोटं कशाला सांगा, त्या घाबरल्या. परका मुलुख, आणि बॅग बसच्या पोटात. बाकावर बसून त्या घोटभर पाणी प्यायल्या. आणि मग काय झालं असेल ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. हिरवे आले, गाइडने हिरवी डोकी मोजली, शिट्टी वाजवली आणि बस गेली. भीतीची जागा रागाने घेतली, आणि राग आल्यावर त्यांना नेहमीसारखं बरं वाटायला लागलं.

डोंगरावर मुका असलेला फोन तेवढ्यात वाजला. मुलगा.

"आई! आई, तू कुठे आहेस? गाइडचा फोन आला, म्हणाला, तुमची आई हरवली!"

"मी कशाला हरवेन? मी जिथे असायला हवं तिथेच बसलेय. बस हरवलीय. तिला शोधा."

"आई, थट्टा करू नकोस, माझे हातपाय गार पडलेत. तू वर तर नाही ना गेलीस?"

"गेले. आणि आलेही."

पलीकडून बारीक आवाजात, "गुडघा?"

"आहे जागेवर. जेवलास का? जेव. मी घरी आल्यावर बोलू."

यथावकाश बस धूळ उडवत परत आली. दार उघडायच्या आत गाइड खाली उडी मारून आला. चेहरा लालबुंद, शिट्टी पाठीवर गेलेली. मागून काचांना सगळी बस नाक लावून बघत होती.

"मावशी, काय हे! नियम माहीत होता ना तुम्हाला? न सांगता गेलात! माझ्या जिवाला किती घोर लावलात! निम्म्या वाटेवरून परत आलोय आम्ही."

"कधी कळलं तुम्हाला मी नाही ते?"

उत्तर बसच्या दारातून आलं. विणणाऱ्या बाई उतरत उतरत म्हणाल्या, "जेवायच्या वेळी. एक ताट उरलं."

"आणि तुम्ही हो?" गाइड त्यांच्यावर घसरला. "तुम्ही शेजारी बसता! सीट रिकामी दिसत होती, बस सुटली, तरी तोंडातून शब्द नाही?"

"त्या म्हणाल्या, कुणाला सांगू नका," बाई शांतपणे म्हणाल्या. "किती वेळ सांगायचं नाही, ते बोलल्या नाहीत. मी शब्द दिला होता."

बसमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मावशींनाही हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. त्या बाकावरून उठल्या आणि गाइडच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी न सांगता गेले, हे चुकलं. ते मान्य. पण तुम्ही ताटं मोजलीत आणि माणसं मोजली नाहीत. हिरव्यांची डोकी मोजता. आम्हाला डोकी नाहीत? सकाळी बसवलं की आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच असणार, हे तुम्ही ठरवून टाकलंत. मी आज नव्हते, आणि तुम्हाला पत्ता नव्हता. रोज असते तेव्हा तरी तो कुठे असतो?"

गाइडचा हात सवयीने माइक शोधायला लागला, पण माइक बसमध्येच राहिला होता. तो पोरगा वाईट नव्हता, हे मावशींना दिसत होतं. त्याच्या डोळ्यांत खरोखरची भीती येऊन गेलेली होती. त्याने खिशात हात घातला, हिरवी फीत काढली आणि पुढे केली.

"घ्या, मावशी. चिरंजीवांशी मी बोलतो. उद्यापासून तुम्ही चालगटात."

सगळ्या बसला वाटलं, संपलं, गोड झालं. मावशींनी त्या हिरव्या फितीकडे पाहिलं. दोन दिवसांपूर्वी त्यांनी ती हिसकावून घेतली असती.

"नको," त्या म्हणाल्या. "पिवळीच राहील. वर जाऊन आली ती पिवळी, हे दिसू दे की लोकांना."

शेवटच्या उद्यानात एक टेकडी होती. शिट्टी वाजली, हिरवे उतरले. मावशीही उतरल्या, पिवळी फीत मनगटाला. मग मागून नारिंगी लोकर पिशवीत कोंबल्याचा आवाज आला. विणणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. "मला काही टोक गाठायचं नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाकापर्यंत येते. मला वाटेल तिथे बसेन, पण तिथे माझी मी जाईन." त्यांच्या मागे आणखी एक पिवळा उतरला, मग आणखी एक. गाइड दाराशी उभा राहिला आणि बोट करून सगळी डोकी मोजायला लागला, हिरवी आणि पिवळी. पट्टीमावशींपाशी आल्यावर त्याने बोट जरा जास्तच वेळ रोखलं. मावशींनी हात वर केला.

परतीच्या थांब्यावर मुलगा घ्यायला आला होता. त्याने आईला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत न्याहाळलं, तिथे नजर अडकवली, आणि बॅग घेतली. वाटेत तो भांडला नाही. इमारतीत शिरल्यावर त्याने सवयीने लिफ्टचं बटण दाबलं, दार धरून ठेवलं. "ये, आई."

मावशी जिन्यापाशी गेल्या होत्या. जिथे पाय सटकला होता त्याच पायरीवर त्यांनी तो मोजून ठेवला आणि चढायला लागल्या.

"राहू दे" मुलाच्या ओठांवर आलं, ते मावशींना पाठमोऱ्या असूनही ऐकू आलं. मग लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, आत नुसती बॅग गेली, आणि मागून त्याची पावलं जिन्यावर वाजायला लागली. रोज लिफ्टमधून जाणारा माणूस तो, दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहिला आणि धापा टाकायला लागला. वर दारात सून उभी होती, तिने तोंडाला हात लावला.

मावशी वळल्या. पिवळी फीत असलेला हात त्यांनी मुलापुढे धरला.

"दम लागला? घे, धर. आणि पुढच्या वेळी तुला जमत नसेल तर राहू दे हो, बाळा. तू लिफ्टने ये."